घंटेच्या तोंडातला बोळा

संध्याकाळची प्रार्थना संपली की सगळी माणसं घराकडे वळत आणि मावशी घंटेकडे वळे. हातात गादीच्या जाड कापडाची लांब पट्टी असे. लाकडी स्टुलावर उभी राहून ती घंटेच्या पोटात हात घाली, आतली लोखंडी जीभ धरी, दोन्ही बाजूंनी कापड कोंबी आणि उरलेली पट्टी जिभेभोवती गुंडाळून गाठ मारी. गाठ मारताना ओठांतल्या ओठांत म्हणे, "गप्प राहा गं बाई, सगळे सुखात आहेत." मग स्टूल काखेत मारून प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत जाई आणि शिलाईमशीनवर बसे. दिवसातून एकदाच, संध्याकाळी, घंटा बोले, तीही मावशीच्याच हातानं, माणसांना प्रार्थनेला बोलवायला. बाकीचा सारा वेळ तिच्या तोंडात बोळा.

हे काम मावशीकडे सासरहून आलं होतं. तिच्या आधी तिचा नवरा बांधायचा, त्याच्या आधी त्याची आई. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता घंटा दुसऱ्या कुणाकडे जाईल. पण दिवसकार्य व्हायच्या आतच संध्याकाळी मावशी स्टूल घेऊन बाहेर आली, आणि कुणी काही बोललं नाही. दुःखाला हाताशी काम लागतं. तिचं काम तिला सापडलं होतं.

प्रार्थनाघर डोंगराच्या खांद्यावर. अर्धं खडकावर, अर्धं भरावावर. अंगणाच्या कडेला दोन दगडी खांब, त्यांवर आडवी तुळई आणि तुळईत घट्ट बसवलेली ती घंटा. ती झुलत नसे, फक्त तिची जीभ हले. एक खांब खडकावर, दुसरा दरीकडच्या मातीत. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं. जन्मल्यापासून पाहिलेल्या गोष्टीला माणूस प्रश्न विचारत नाही.

प्रार्थनाघराच्या दाराशी एक उभा दगड होता. त्यावर कुणी, कधी कोरलेली अक्षरं, पावसानं झिजलेली. वाचता न येणाऱ्यांनाही ती पाठ होती.

"हात न लागता घंटा बोलेल,
डोंगर उठून खाली चालेल.
ज्याला कान, त्याला प्राण."

आमची प्रार्थनाही फार मोठी नव्हती. ज्यानं डोंगर बसवला त्यानं तो बसलेला ठेवावा, आणि आम्हाला त्याच्या पायाशी जागा द्यावी. एवढंच. रोज संध्याकाळी गाव उभं राहून हे म्हणे, मग डोकं टेकवून बसे, मग उठून घरी जाई.

आता कुणी म्हणेल, घंटेचं तोंड बांधायची ही कसली रीत. तिलाही कारण होतं. जुन्या काळी एकदा वावटळीत घंटा आपोआप वाजली. लोक उठले आणि पळत सुटले. डोंगर जागचा हलला नाही, पण खालच्या ओढ्याच्या साकवावर रेटारेटी झाली आणि एक बाळंतीण पाण्यात गेली. तेव्हापासून ठरलं की वाऱ्याच्या हाती गावाचे प्राण द्यायचे नाहीत. घंटा बांधायची. दयेपोटी घातलेली गाठ होती ती, आणि दयेच्या गाठीला कुणी हात लावत नाही.

मावशीला रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, तिचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानंच तिला वाढवलं, स्वतः दगड फोडून तिला शाळेत घातलं, आणि लग्नात तिच्या पाठवणीच्या वेळी गवंड्याचा ओळंबा खिशात ठेवून रडला. गाव त्याला दादा म्हणे, मावशीही दादाच म्हणे, आणि तो तिला म्हणे बारके. पन्नाशी उलटली तरी बारके. दादा गवंडी. डोंगराच्या अगदी पायथ्याला, खालच्या आळीत त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं होतं. दरीकडचा घंटेचा खांब एकदा पडायला आला होता, तोही तरुणपणी त्यानंच पुन्हा उभा केला. "केसाएवढा फरक नाही त्या खांबात," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. घरात वहिनी. तिचे पाय गेली काही वर्षं तिचं ऐकत नव्हते. ती खिडकीशी पलंगावर पडून असे आणि सगळ्या आळीची खबर तिला आळीच्या आधी कळे.

अशा आमच्या गावात मोजणीवाली आली.

तिचं खरं हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. न्हाव्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं नाव घेईपर्यंत अर्धी दाढी होते." म्हणून मोजणीवाली. शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची, पायात चिखलाचे बूट, पाठीवर पेटी. डोंगरभर तिनं लोखंडी खुंट्या ठोकल्या, पाऊस मोजायचं भांडं मांडलं, आणि एक दिवस प्रार्थनाघरात येऊन म्हणाली, "माझं एक यंत्र आहे, जमिनीचा कल मोजणारं. त्याला कोरडी, बंद जागा हवी. भरावावरचा तो कोपरा मिळेल का?"

जुनी माणसं कुरकुरली. प्रार्थनेच्या जागी यंत्र कशाला? एकजण म्हणाला, देवावर पाळत ठेवायची आहे की काय.

न्हावी म्हणाला, "ठेवू द्या. प्रार्थना पाठ होते का बघू त्याला. नाहीतर आमच्या पोरांसारखं नुसते ओठ हलवेल."

मावशी तोवर बोलली नव्हती. ती त्या पोरीच्या बुटांकडे बघत होती. एका बुटाची शिवण उसवली होती आणि आत पाणी जात होतं. ती म्हणाली, "कोपरा झाडून देते. आणि बूट काढ तो, टाका घालते."

अशी मैत्री झाली. यंत्र म्हणजे जाड पुस्तकाएवढी करडी पेटी, छपरावरच्या, उन्हावर चालणाऱ्या काचेच्या पाटीला वायरीनं जोडलेली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मावशीनं तिला उशीच्या अभ्र्यासारखं आवरण शिवलं. मोजणीवाली हसली, पण ते काढलं नाही. दुपारी कामातून वेळ मिळाला की ती मागच्या खोलीत येऊन बसे. मावशी मशीन चालवी, ती मांडीवरच्या संगणकावर रेघा बघत राही.

एक दिवस तिनं मावशीला जवळ बोलावलं. पडद्यावर एक रेघ होती, लांब, जवळजवळ सरळ. पण ठरावीक अंतरानं तिच्यावर एकेक लहानसा उंचवटा.

"मावशी, हे काय असेल सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"ही रोजची संध्याकाळ आहे. तुम्ही सगळे प्रार्थनेला येता, उभे राहता, बसता. जमीन तेवढ्यानं जराशी दबते, आणि तुम्ही घरी गेलात की वर येते. यंत्राला ते कळतं. तुमची प्रार्थना दिसते यात."

ही गोष्ट वाऱ्यासारखी गावभर झाली. कुरकुरणारे म्हातारे छाती काढून चालायला लागले. यंत्रानं प्रार्थना मानली, असं म्हणू लागले. मोजणीवालीच्या कानावर हे आलं तेव्हा ती अवघडली. खोटा मान तिला पचत नसे. संध्याकाळी सर्वांसमोर ती म्हणाली, "गैरसमज नको. यंत्राला प्रार्थना कळत नाही. त्याला फक्त पावलांचं वजन कळतं."

लोकांची तोंडं उतरली. मावशी दाराशी स्टूल घेऊन उभी होती. ती सहज म्हणाली, "पावलंच की. पावलांवाचून प्रार्थना इथवर येते कशी?"

मला वाटतं, त्या दिवसापासून मोजणीवालीनं आमच्याशी बोलताना शब्द जपून वापरायचे सोडले आणि खरे वापरायला घेतले.

मग ते वर्ष पावसाचं निघालं. पाऊस आला आणि जायचं विसरला. भिंतींना बुरशी आली, मशीनच्या सुया गंजल्या, ओढा साकवाच्या फळ्यांना जीभ लावून बघू लागला. दादाच्या घराचं दार अडकू लागलं. त्यानं रंधा मारला. पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा मारला. वहिनी पलंगावरून म्हणाली, "दार काही सुजत नाहीये. भिंतच वाकतेय. ती बघा, कोपऱ्यात चीर."

"ओल आहे," दादा म्हणाला, आणि चिरेत चुना भरला.

"मी दिवसभर त्या चिरेकडेच बघत असते. परवा पाल आत गेली. आज मांजर जाईल."

"तुझी जीभ मात्र अजून ठणठणीत चालते."

"पायांचं सगळं बळ तिकडेच गेलंय," वहिनी म्हणाली.

वर प्रार्थनाघरात रेघही वाकत होती. रोजचे उंचवटे होतेच, पण उंचवटा खाली बसला तरी रेघ आता मूळ जागी परत येत नव्हती. मोजणीवालीनं आपल्या वरच्या कचेरीला कळवलं, आणि गावाला प्रार्थनाघरात गोळा केलं. ती शांत आवाजात बोलू लागली.

"खालच्या आळीनं घरं सोडावीत. ओढ्यापलीकडे शाळेच्या इमारतीत सोय केली आहे. डोंगर सरकतो आहे. किती वेळ आहे ते मी सांगू शकत नाही. थांबून बघायची मात्र ही वेळ नाही."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग दादा उठला. कमरेवर हात ठेवून, गवंडी काम बघतो तसं तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमच्या शिक्षणाचा मान आहे. पण आमच्या वाडवडिलांनी दगडावर लिहून ठेवलंय. डोंगर उठायच्या आधी घंटा बोलेल. घंटा बोलली का?"

"नाही," मागून दोघंतिघं म्हणाले.

"मग डोंगर उठत नाही. ज्या दिवशी ती हात न लागता बोलेल, त्या दिवशी माझ्या बायकोला खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे मी असेन."

मोजणीवाली गोंधळली. बाहेर घंटेकडे तिनं पाहिलं, मग मावशीकडे, मग पुन्हा दादाकडे. आणि लहान मूल विचारतं तसं तिनं विचारलं, "पण दादा, ती तर बांधलेली असते ना? मग बोलणार कशी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. इतक्या पिढ्या आम्ही रोज त्या घंटेकडे कान लावून होतो आणि रोज तिच्या तोंडात बोळा घालत होतो. दोन्ही गोष्टी प्रत्येकाला ठाऊक होत्या. दोन्ही एकाच अंगणात होत होत्या. त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. न्हाव्यालासुद्धा विनोद सुचला नाही.

सगळ्यांचे डोळे मावशीकडे गेले. जणू ती गाठ एकट्या तिनंच मारली होती. तिनं हातातल्या पट्टीची हळूहळू घडी घातली.

"खालच्या बाजूला," ती म्हणाली, "दरीकडे, पूर्वी मूठभर कापड जायचं. मग दुहेरी घडी जायला लागली. आता एक पदर कसाबसा जातो. पलीकडे मात्र जास्त लागतं. मला वाटलं, माझी बोटं जाड झाली."

मोजणीवाली छत्री न घेताच बाहेर धावली. स्टुलावर चढून तिनं घंटेत डोकं घातलं. बाहेर आली तेव्हा भिजलेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काही होतं. भीती नव्हे, आदरही नव्हे. दोन्हींच्या मधलं.

"जीभ सरळच लोंबते आहे," ती म्हणाली. "वाकली आहे ती घंटा. दरीकडचा खांब खचतो आहे, त्याच्याबरोबर तुळई कलते आहे, तिच्याबरोबर घंटा. एका बाजूचा काठ जिभेजवळ येतो आहे. टेकला की जमिनीच्या जराशा थरथरीनंही वाजेल. एक पाय खडकावर आणि एक मातीत. माझ्या पेटीत आहे तेच इथे टांगलेलं आहे."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?" मावशीनं विचारलं.

"ते मी कशी सांगू? कदाचित असं एकदा घडलं असेल. जे वाचले त्यांनी लिहून ठेवलं असेल. घडून गेलं असं लिहिलं तर लोक गोष्ट म्हणून ऐकतात आणि विसरतात. घडणार आहे असं लिहिलं तर जपून ठेवतात."

त्या संध्याकाळी मावशीनं घंटा बांधली नाही. प्रार्थना झाली, माणसं उठली, आणि ती पट्टी खिशात तशीच ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि घंटा वाजू लागली. अर्धी खालची आळी गाठोडी घेऊन साकवापर्यंत गेली. दादा उंबऱ्यावर बसून राहिला. "वारा आहे," तो म्हणाला. दुपारी वारा पडला, घंटा थांबली, लोक ओशाळून परत आले. आता त्याच्याच बोलण्याला वजन आलं. मावशी खाली आली तेव्हा तो म्हणाला, "बघितलंस, बारके? वाडवडील उगीच बांधत नव्हते. आता वाऱ्याची कुठली आणि डोंगराची कुठली, कोण सांगणार?"

मावशी परत वर गेली. गाद्यांना वापरतात ते जाड मेणकापड तिच्याकडे होतं. ते तिनं दुहेरी करून शिवलं, कडांना दोर ओवले, आणि मोजणीवालीच्या मदतीनं दोन्ही खांबांभोवती असं ताणून बांधलं की घंटा एका तंबूत आली. वरून झाकलेली, चारी बाजूंनी बंद. एका बाजूला आत जाण्यापुरती फट, तीही आतून पडदा लावलेली. मोजणीवालीनं आत काडी पेटवून धरली. ज्योत हलली नाही.

"आता हातही नाही आणि वाराही नाही," मावशीनं खाली जाऊन दादाला सांगितलं. "आता बोलली तर डोंगराचीच."

"मग बोलू दे," दादा म्हणाला. "शब्द दिलाय मी."

पाऊस वाढला. वरच्या कचेरीच्या गाड्या आल्या. तंबू पाहिल्यावर लोकांच्या मनातली अढी सैल झाली होती. एकेक घर निघू लागलं. न्हाव्यानं आपली खुर्ची डोक्यावर घेतली आणि जाताना दादाला म्हणाला, "पलीकडे दुकान मांडतोय. लवकर ये, नाहीतर दाढी वाढवून साधू होशील." दादा हसला नाही. खालच्या आळीत शेवटी एकाच चुलीचा धूर उरला.

मग ती सकाळ आली. मोजणीवाली मागच्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली. "मावशी, रेघ आता पळते आहे. आज. कदाचित दुपारपर्यंतही नाही. दादांना घेऊन चला, मी पाया पडते."

मावशी धावत खाली गेली. दादा चिरेत चुना भरत होता. चीर आता हाताएवढी होती आणि तो तिच्याकडे न बघता थापी चालवत होता. मावशी बोलली, रडली, भांडली. तो एकच म्हणे, घंटा बोलली नाही. तेव्हा वहिनीनं तिला पलंगाजवळ बोलावलं आणि मनगट धरलं. हलक्या आवाजात म्हणाली, "वर जा. आणि तूच एक टोला मार. पडद्याआड कोण बघतंय? तो ऐकेल. मला मरायची भीती नाही गं, पण हा माझ्यापायी इथे राहील आणि माझ्याआधी मरेल."

मावशी वर आली. तंबूत शिरली. पाऊस मेणकापडावर कोसळत होता, आत मात्र जुन्या विहिरीत असते तशी शांतता. तिनं घंटेत हात घातला आणि जीभ मुठीत धरली. थंड, ओलसर, वर्षानुवर्षांच्या ओळखीची. एक हिसका. एवढंच. दादा उठेल, वहिनी वाचेल. इतकी वर्षं त्या जिभेला गप्प बसवलं होतं, आता एकदा बोलतं करायचं.

पुढे तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग थांबलीस का? ती म्हणाली, "मी तिथे प्रार्थना करत होते. रोजची नव्हे. नुसतीच, शब्द नसलेली. आणि मनात आलं, दादानं आयुष्यात कुणाच्या तोंडच्या बोलण्यावर घर बांधलं नाही. तो भिंतीला विचारतो. मी टोला मारला तर तो माझा शब्द. आज ऐकेल, पण डोंगर उद्यापर्यंत थांबला तर उद्या परत जाऊन बसेल, आणि मग खऱ्या घंटेलाही उठणार नाही. त्याला त्याच्याच वस्तूनं विचारायला हवं."

तिनं जीभ सोडली. अलगद, हलू न देता. आणि पुन्हा खाली धावली. या वेळी ती रडत नव्हती. दारात उभी राहून चढ्या आवाजात म्हणाली, "दादा, ओळंबा घे आणि वर चल."

"कशाला?"

"तू बांधलेला खांब वाकडा आहे."

दादाच्या हातातली थापी थांबली. त्याला डोंगर पडतो म्हटलेलं चाललं असतं, पण हे नाही. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. गावभर केसाएवढा फरक नाही म्हणून सांगतोस. ये आणि दाखव."

तो उठला. भिंतीतल्या खिळ्यावरचा ओळंबा काढला आणि बहिणीच्या मागोमाग पावसात चढू लागला. अंगणात मोजणीवाली उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. तंबूत शिरून त्यानं दरीकडच्या खांबाच्या माथ्याशी दोरी धरली आणि शिसाचा गोळा सोडला. गोळा झुलला, मंद झाला, थांबला. वर दोरी दगडाला चिकटलेली होती. खाली गोळा आणि दगड यांच्यामधून माणसाचा पंजा गेला असता.

दादा गोळ्याकडे बघत राहिला. त्यानं दोरी उचलली, दुसऱ्या बाजूनं धरली, पुन्हा सोडली. मग आपला हात त्या दगडांवरून फिरवला, जसा आजारी गुराच्या पाठीवरून फिरवावा. "हा मी नीट बांधला होता," तो म्हणाला. आवाजात अभिमान नव्हता.

"नीटच बांधला होतास," मावशी म्हणाली. "जमीन गेली त्याच्या पायाखालून."

तो घंटेकडे वळला. जीभ आणि काठ यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायला गेला, गेली नाहीत. एक घातलं. ते गेलं, आणि तो तसाच थबकला.

"बारके."

"काय रे?"

"थरथरतेय. माझ्या बोटावर टकटक करतेय."

मोजणीवालीनं पडद्याची कड घट्ट धरली होती. दादानं आधी बहिणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. ते कापडाच्या पदरासारखं तिथे अडकलं होतं. त्यानं ते हळूच बाहेर काढलं.

घंटा बोलली. मोठ्यानं नाही. पेल्याला नख लागावं तेवढंच. मग पुन्हा. मग पुन्हा.

दादा पळाला. साठीचा माणूस त्या निसरड्या उतारावरून कसा धावला ते पाहणाऱ्यांना आजही सांगता येत नाही. रंधा मारून मारून हलकं झालेलं दार त्यानं बिजागरीतून उचकटलं, वहिनीला त्यावर घेतलं, एक टोक त्यानं धरलं आणि दुसरं मावशी व मोजणीवालीनं मिळून. साकव ओलांडताना वहिनी आभाळाकडे तोंड करून म्हणाली, "दार एकदाचं उघडलं म्हणायचं."

ते शाळेच्या ओट्यावर पोचले आणि थोड्याच वेळात डोंगर उठला. आवाज आधी आला नाही. आधी झाडं चालताना दिसली, उभीच्या उभी, माणसांसारखी. मग आवाज. खालची आळी होती तिथे माती होती, आणि मातीवर पाऊस पडत होता. गावानं उभं राहून प्रार्थना म्हटली, तीच जुनी, पण पहिल्या ओळीपाशी सगळ्यांचा आवाज अडकला, कारण तो बसलेला राहिला नव्हता. मग मावशीनं दुसरी ओळ एकटीनं उचलली, पायाशी जागा द्यावी, आणि बाकीचे तिच्या मागून आले.

दादाच्या घराचा एक दगड सापडला नाही. घंटा मात्र चिखलात तोंड वर करून पडलेली मिळाली, धड. प्रार्थनाघराचा खडकावरचा भाग उभा होता. पावसाळा सरल्यावर दादानं खांब पुन्हा उभे केले. लोक म्हणाले, या खेपेला दोन्ही खडकावर घे. तो म्हणाला, "घंटेला सुखात ठेवून आपण काय करणार?" एक खडकावर, एक मातीत. ओळंब्यात बांधून झाल्यावर त्यानं मावशीला बोलावलं, तिची मूठ घंटेत घालायला लावली, आणि दोन्ही बाजूंना ती बरोबर बसेल अशी जीभ टांगली.

तेव्हापासून घंटा बांधत नाहीत. मेणकापडाचा तंबू मावशी दरसाल नवा शिवते. नव्या कोपऱ्यात नवी करडी पेटी आहे, तिच्या अंगावर आवरण आहे, आणि मोजणीवाली अधूनमधून येते, बूट शिवून घेते. दगडावरची अक्षरं तशीच आहेत. होऊन गेलेलं भाकीत पुसून टाकावं का, अशी चर्चा एकदा निघाली होती. मोजणीवालीच नको म्हणाली.

मावशी आता थकली. तरी संध्याकाळची प्रार्थना संपली की माणसं घराकडे वळतात आणि ती घंटेकडे वळते. पट्टी काढायला हात अजून खिशाकडे जातो, रिकामा परत येतो. मग ती पडद्याआड जाते, स्टुलावर चढते आणि दरीकडच्या बाजूला मूठ घालून बघते. दादा बाहेर काठी टेकून उभा असतो.

"बोटं सुकली तुझी, बारके," तो परवा म्हणाला. "डोंगर हलला तरी तुझी मूठ जाईलच."

"म्हणून तर तुला बरोबर आणते," ती आतून म्हणाली. "ये, तुझी घाल."

तो आत गेला. आम्ही अंगणात थांबलो. रोजच्यासारखेच, श्वास थोडा धरून.

"डोंगर बसलाय," दोघं एकदमच म्हणाले, आणि आम्ही घरी निघालो.